सरकवलेलं वर्तुळ

प्रसेनजितने रीताच्या लेखातला फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आणि खाटेवर बसल्या बसल्या एकटाच हसला. वर्तुळ चुकीच्या बाजूला सरकलं होतं.

दोघांचं काम एकच. दूरच्या आकाशगंगेत क्ष-किरणांनी भगभगणारा एखादा ठिपका घ्यायचा आणि साध्या प्रकाशातल्या फोटोत तो नेमका कोणता तारा, ते शोधायचं. दोन दुर्बिणींचे फोटो एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. दोन्हींत दिसणाऱ्या ओळखीच्या ताऱ्यावरून एक फोटो किंचित सरकवावा लागतो. मग ठिपक्याच्या जागी वर्तुळ काढायचं; त्यात जो तारा सापडेल, तो त्या किरणांचा धनी. रीताने पश्चिमेकडे सरकवायचा तो पूर्वेकडे सरकवला होता. वर्तुळात सापडला तो शेजारी. खरा धनी बाहेरच राहिला.

इंझोरी गावची ही पोरगी त्याच्यामागून पुण्याला संशोधनाला आली, आणि आता मार्गदर्शक सरांच्या तोंडी ऊठसूट तिचंच नाव. प्रसेनजित जळत होता. जळतोय हे त्याला ठाऊकही होतं, पण तेवढ्याने जळणं काही थंडावत नव्हतं. सुट्टीत घरी कामरगावला आला, तर इथेही तिचा लेख तपासायला मागोमाग आलाच.

फोन वाजला. रीताच होती.

"पाह्यलं का रे? तू हो म्हणशील तरच जर्नलले पाठवीन मी."

समोर त्याची आई, वच्छलाबाई, भिंतीवरचं कात्रण पदराने पुसत होती. 'कामरगावच्या युवकाने शोधला तारा'. दोन वर्षांपूर्वीचं, तिने हौसेने लॅमिनेट करून आणलेलं.

"एक नंबर हाये," तो म्हणाला. "दे पाठवून."

"खरंच? मले तर लय धाकधूक होती."

"काहून?"

"ते सरकवायचं मले कधी जमलंच नाही ना. म्हून तुहाच प्रोग्राम घेतला. तू तुहा तारा ज्यानं शोधला, तोच. एक अक्षर नाही बदललं."

त्याने लॅपटॉपवर आपला जुना प्रोग्राम उघडला. उणे हवं तिथे अधिक होतं. पहिल्या दिवसापासून.

"रीता, थांब जरा."

"आता कायचं थांब? गेला बी."

त्याने फोन ठेवला. ती चूक कोणाची, हे सांगायचं तर आधी स्वतःचा तारा खाली उतरवावा लागणार होता. आई दोन पावलं मागे सरून भिंतीकडे पाहत होती.

"तिरपं दिसून राह्यलं रे हे," ती म्हणाली. "कोणत्या बाजूले सरकवू?"