तिसऱ्या तुकड्याची कड

चाळीस वर्षं मी गवत कापलं. शाळांच्या मैदानांवरचं, दवाखान्यांच्या आवारातलं, मोठ्या लोकांच्या बंगल्यांपुढचं. माझी कड अशी सरळ असायची की माळी लोक येऊन बघून जायचे. त्यामुळे उतारवयात मला माळावरचं काम मिळालं, तेव्हा वाटलं, चला, उशिरा का होईना, कदर झाली.

माळावर गवताचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी खुंट्या ठोकून तीन सारखे तुकडे आखले होते, दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद. पहिला दर आठवड्याला कापायचा. दुसरा महिन्यातून एकदा. तिसरा वर्षातून एकदाच, फुलांचं बी गळून पडल्यावर. कितीदा कापलं की कोणती झाडं टिकतात आणि खालच्या मातीचं काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. तीन वर्षं झाली होती. आधीचा कापणारा गाव सोडून गेला, म्हणून मी.

"तिसऱ्याला बी गळेपर्यंत हात लावायचा नाही, काका," त्या म्हणाल्या. "लावलात तर माझी तीन वर्षं पाण्यात, आणि मी दुसरा माणूस बघीन."

"मॅडम, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

नोकरी मला हवीच होती. घरी बसलो की आमची ही मला लसूण सोलायला बसवते आणि वर सोललेल्या पाकळ्या तपासते.

मॅडम दोन महिन्यांसाठी परगावी गेल्या आणि माझे हाल सुरू झाले. तिसरा तुकडा नेमका रस्त्याला लागून. गवत कमरेएवढं, त्यात पिवळी, जांभळी फुलं कशीही डोकं काढून उभी. माझा मेहुणा केस कापायचं दुकान चालवतो. तो सायकलवरून रोज तिथून जायचा.

"दाजी, या झिपऱ्याला माझ्याकडे पाठवा! अर्ध्या पैशांत करतो!"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तेच त्यानं बहिणीला जाऊन सांगितलं. रात्री जेवताना ही म्हणाली, "दोन तुकड्यांतच दमलात वाटतं. वय झालं आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन गेलो आणि रस्त्याकडची कड जराशी सारखी केली. वीतभरच. कड म्हणजे काही तुकडा नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. पण ती बाजू सरळ झाल्यावर समोरची वाकडी दिसायला लागली. ती सरळ केली, तर डावी खुपायला लागली. मेहुणा सायकल थांबवून म्हणाला, "दाजी, असंच होतं. एक कल्ला वर घेतला की दुसराही घ्यावा लागतो." आणि हसत निघून गेला. असं करत महिनाभरात पट्टीमागून पट्टी गेली. खुंट्या मागेच राहून गवतापासून लांब, वेड्यासारख्या दिसत होत्या. त्याही सरकवल्या.

मॅडम परत आल्या तेव्हा बी पिकायला अजून महिना होता. त्या पहिल्या तुकड्याच्या कडेनं चालल्या. दहा पावलं. दुसऱ्याच्या कडेनं चालल्या. दहा. तिसऱ्याच्या कडेनं चार पावलं चालल्या आणि थांबल्या. मग मागे जाऊन बारीक पावलं टाकत पुन्हा चालल्या. पाच झाली.

"काका, हा तुकडा आटला कसा?"

"ऊन फार पडलं, मॅडम."

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "वा दाजी! आता कसं माणसात आलं!"

मग काय लपणार! मी सगळं ओकलो. मॅडम मटकन खाली बसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. डोळ्यांपुढे लसणाचं टोपलं दिसायला लागलं.

शेवटी त्यांनी वही काढली. "कुठली कड कधी कापलीत, आठवतंय?"

आठवत होतं! प्रत्येक पट्टी कुणाच्या तरी टोमण्यावर कापली होती. टोमणा माणूस विसरतो का? मी बोट दाखवत सांगत गेलो. ही मेहुण्याच्या झिपऱ्यावरची. ही बायकोनं वय काढलं त्या दिवसाची. ही रस्त्यानं जाणाऱ्या बायकांचा घोळका हसला तेव्हाची, पण त्या दुसऱ्याच कशावर तरी हसत होत्या, हे मला नंतर कळलं. मॅडम तारखा लिहीत गेल्या. लिहिताना त्यांचा खांदा एकदा हलला. हसू होतं की हुंदका, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्यांनी लोखंडी सळई आणली आणि मला जमिनीत दाबायला लावली. दर आठवड्याला कापायच्या तुकड्यात ती दोन बोटं जाऊन अडली. आधी त्या जुन्या कापणाऱ्याच्या आणि आता माझ्या हातच्या गवत कापायच्या मशीनच्या चाकांखाली माती दगड झाली होती. मधल्या चार पावलांत सळई वीतभर आत गेली. आणि मी छाटलेल्या पट्ट्यांत? तिथंही वीतभरच. वरची फुलं गेली होती, पण खाली माती अजून तशीच भुसभुशीत होती.

"मातीला अजून तुमचा पत्ता लागलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मातीचं काम वाचलं. फुलांचं उरलंय तेवढ्यावर भागवावं लागेल. त्या चार पावलांतलं प्रत्येक फूल मोजायचं, रोज, बी गळेपर्यंत."

"कुणी मोजायचं?"

"विळा माझ्याकडे द्या."

दिला. खुंट्या जुन्या भोकांत परत ठोकल्या. तेव्हापासून मी सकाळी गुडघे टेकून बसतो. पिवळी वेगळी, जांभळी वेगळी, आणि एक नखाएवढं पांढरं फूल आहे. तसली हजारो मी आयुष्यात मशीनखाली घातली असतील, पण दिसलं ते आत्ता.

काल मेहुण्यानं सायकल थांबवली. "दाजी, काय हरवलं? अक्कल?"

दुसरी वेळ असती तर मी उठून कड सरळ केली असती. मी नुसता हात वर करून त्याला गप्प केलं. पांढऱ्यांच्या त्रेसष्टावर होतो.