खणातलं स्वयंपाकघर

मी बोलतेय, आणि आधीच सांगते, मला इंजिन नाही. जीपच्या मागे आकडा अडकवून ओढून न्यायची मी एक लहानशी गाडी. आकार आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गोल, मागे निमुळता. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी. मागचं झाकण उचललं की एक लांब खण बाहेर सरकतो. त्यात स्टोव्ह, डबे, तवा, काठवट, सगळं स्वयंपाकघर. १९६९ साली कर्जत तालुक्यात माझ्यासारखी दुसरी नव्हती. आजही नसावी.

मला चारुलतानं घडवलं. कर्जतच्या डॉक्टर गोपाळकृष्णांची ही मुलगी पुण्याहून नुकतीच बी.एस्सी. होऊन आली होती. जगातलं जे जे चुकीचं आहे ते उद्या सकाळपर्यंत सुधारलं पाहिजे, असं तिचं मत होतं. मला ते अजूनही पटतं.

पण चूक तिच्या घरातच होती. तिची आई मालती आणि मावशी इंदू या सख्ख्या बहिणी. इंदूनं लोधिवलीच्या पदू नावाच्या शेतकऱ्याशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा वडिलांनी मालतीला शपथ घातली, "तिच्या घरचं अन्न नाही, पाणी नाही." वडील गेले, शपथ राहिली. बावीस वर्षं. जिथं पाणी प्यायचं नाही तिथं माणूस राहणार कसं? मालती वर्षाकाठी एकदा जाई, अंगणात उभ्याउभ्या बोले आणि तहानलेली परत येई.

त्या वर्षी इंदूचं हृदयाचं दुखणं बळावलं. डॉक्टर तिला तपासून आले आणि हात धुताधुता म्हणाले, "हा उन्हाळा काढेल असं वाटत नाही."

"आई, जाऊन राहा ना तिच्यापाशी!" चारुलता म्हणाली.

"गेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे गं. परत घ्यायला ते कुठे आहेत?"

चारुलता दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी तिनं वही उघडली. कॉलेजात असताना एका परदेशी मासिकातलं माझ्यासारख्या गाडीचं चित्र तिनं हौसेनं उतरवून घेतलं होतं. "तिच्या घरचं खायचं नाही ना? मग तुझंच घर तिथं नेते," ती म्हणाली.

शिळफाट्यावर बुधाजी सुतार ट्रकच्या बॉड्या बांधायचा. मोडीतल्या एका जीपचा ॲक्सल घेऊन त्यानं त्यावर सागाचा सांगाडा उभा केला आणि ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. खणाची उंची ऐकून मात्र तो थांबला.

"ताई, बाय उभ्यानं रांधनार?"

"अर्धं जग उभ्यानं रांधतं, बुधाजी!"

"रांधत आसंल. आमची बाय बसून रांधते."

चारुलतानं ऐकलं नाही. खण अडवून धरायला खटका हवा, त्याला आणखी दोन दिवस लागतील, असंही तो म्हणाला. "दोन दिवस नाहीत," ती म्हणाली. खरंच नव्हते.

वैशाखातल्या एका सकाळी डॉक्टरांच्या जीपनं मला चौक गावावरून लोधिवलीला ओढत नेलं. पदू अंगणात आला. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "या ताई! घरच घेऊन आलाव का?"

इंदू ओटीवरच्या खाटेवर उशांना टेकून बसली होती. पाय सुजलेले, ओठ निळसर. मालतीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि रडू फुटायच्या आत माझं झाकण उघडलं. स्टोव्ह पेटवला, तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली आणि उभ्यानं भाकरी थापायला घेतली.

तिनं जन्मभर बसून भाकरी थापलेली. सगळ्या अंगाचा भार तळव्यात उतरवून तिनं थाप मारली आणि माझा खण बेअरिंगांवरून सुळकन आत गेला. तिनं बाहेर ओढला. दुसरी थाप, पुन्हा आत. तिसऱ्या वेळी भाकरी काठवटीच्या काठावर फाटली आणि मातीत पडली. चारुलताचा चेहरा उतरला. मला मिटून घेता आलं असतं तर मी मिटून घेतलं असतं.

ओटीवरून हसू ऐकू आलं. "अगं ताई, ती चूल तुला बगून पलतेय गं!" बावीस वर्षांत इंदूची बोली पार लोधिवलीची झाली होती.

भिंतीला धरून ती खाली उतरू लागली.

"मावशी, उठू नकोस!"

"गप गं. उभ्यानं भाकर थापतात असं कुनी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही," चारुलता म्हणाली. "मला भाकरी येतच नाही."

इंदूनं काठवट माझ्या खणातून उचलून सारवलेल्या जमिनीवर ठेवली. धापा टाकत समोर बसली. पिठाचा गोळा घेतला आणि तिचा हात तिथंच थांबला.

"ताई, मी थापू? का तुला चालायचं नाय?"

 स्टोव्ह फुरफुरत होता. मालती त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि बहिणीसमोर मांडी घातली.

"थाप."

भाकरी टम्म फुगली. मालतीनं अर्धी खाल्ली आणि तिला ठसका लागला. चारुलता माझ्यातला पाण्याचा डबा घेऊन धावली.

"ते नको," मालती म्हणाली. "इंदू, तुझ्या माठातलं दे."

पदूनं तांब्या भरून आणला. तो इंदूनं आपल्या हातांनी बहिणीला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालती घरात जाऊन इंदूच्या चुलीपुढे बसली. माझा खण त्यानंतर उघडला नाही. दुपारी दोघी बहिणी आंब्याच्या सावलीत, माझ्या गादीवर पडून असत. त्यांचं सगळं बालपण मी ऐकलं आहे. एकेचाळिसाव्या दिवशी इंदू गेली. तिचं डोकं मालतीच्या मांडीवर होतं.

मी अजून पदूच्याच अंगणात आहे. आता माझ्या पोटात तो भाताचं बियाणं ठेवतो. माझ्यातलं स्वयंपाकघर एकदाच वापरलं गेलं, तेही धड नाही. तरी घाई करणाऱ्या त्या मुलीचे, हटकणाऱ्या सुताराचे आणि भिंत धरून उतरलेल्या त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यापैकी कुणाचं असं दुरावलेलं कुणी कुठल्या अंगणापलीकडे असेल, तर मला घेऊन चला. पदू दर दिवाळीला माझ्या आकड्याला तेल लावतो. चाकांत हवा भरली की मी निघाले. फक्त आजच या, उद्यावर टाकू नका.