चोराच्या आधीचा शब्द

सृष्टी बारावीला बसली त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, विश्रांतवाडीच्या खोलीत, तिच्या आजीनं पत्र्याच्या पेटीतून एक पिवळं इंग्रजी कात्रण काढलं आणि नातीच्या उघड्या पुस्तकावर ठेवलं. द्वारकाबाई साठीनंतर मराठी वाचायला शिकली होती. आता इंग्रजी अक्षरं लावत होती.

“थीफ. चोर. एवढं लागलं मला,” ती म्हणाली. “त्याच्या आधी काय हाय?”

कात्रणात आजोबांचं नाव होतं. उत्तरेश्वर, गोदामाचा वॉचमन. तांब्याची तार चोरीला गेली तेव्हा पोलिसांनी त्यालाच धरलं होतं.

“अलेज्ड. अलेज्ड थीफ.”

“म्हंजे मोठा चोर?”

“नाही गं आजी! म्हणजे कोणीतरी तसं म्हणतंय, पण प्रूव्ह नाही झालेलं. सिद्ध होईपर्यंत नुसतं चोर लिहायचं नसतं.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

द्वारकाबाईनं बोट ठेवून अक्षरं मोजली. सात. पुन्हा मोजली. त्या पेपरवाल्यांनी उत्तरेश्वरला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी कुणीतरी बसून ही सात अक्षरं त्याच्यासाठी छापली होती.

“पहाऱ्यावर उभा केलाय की ह्यो,” ती हळू आवाजात म्हणाली. “चोर शब्दाला तुझ्या आज्यापत्तुर येऊ देईना.”

सृष्टी हसली. “हो, पण लोक वाचताना गाळतात.”

श्रीधररावांनी गाळला होता. तेव्हा नारायण पेठेत त्यांच्याकडे द्वारकाबाई भांडी घासायची. “पेपरात नाव आलं बरं का तुझ्या नवऱ्याचं,” कात्रण तिच्या ओल्या हातात देत ते म्हणाले होते. “चोर म्हणून.”

आठ दिवसांनी उत्तरेश्वर जामिनावर सुटून आला. ताटावर बसल्यावर म्हणाला, “म्या न्हाई घेतली तार.”

भाकरी वाढताना तिनं वर पाहिलं नव्हतं. “मग छापून कसं आलं?”

तो त्यावर परत कधी बोलला नाही.

“मराठीत लिहून दे मला,” द्वारकाबाई म्हणाली.

सृष्टीनं वहीच्या मागच्या पानावर कात्रणातली ओळ लिहून दिली, ‘चोर’च्या आधी ‘कथित’ घालून. आजी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या उत्तरेश्वरच्या फोटोसमोर उभी राहिली. मग ती ओळ तिनं मोठ्यानं वाचली, बोट फिरवत, एकही अक्षर न गाळता.

उत्तरेश्वर २००९ च्या पोळ्याला वारला. खटला तोवर उभा राहिला नव्हता.