डावी फळी, उजवी फळी

डावी

वेंडेलिन ग्श्ट्राइन सूप संपवून ग्रुबन हट या डोंगरावरच्या खानावळीतून बाहेर आला आणि जागच्या जागी थबकला. त्याच्या दोन्ही फळ्या दाराजवळच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. दोन्ही, शेजारी शेजारी.

त्यानं घाबरून त्या पुन्हा मोजल्या.

आता कुणी म्हणेल, दोन्ही आहेत ना, मग घाबरायचं काय? पण हे म्हणणारा खालच्या शहरातून आलेला असणार. या खोऱ्यात माणूस आपल्या स्की, म्हणजे फळ्या, कधीही जोडीनं ठेवत नाही. एक इथे, एक तिथे. चोराला एकटी फळी नको असते, आणि सारख्या दिसणाऱ्या फळ्या घाईघाईत उचलून नेणाऱ्या पाहुण्यालाही नको असते. गेल्याच आठवड्यात लिफ्टच्या तळाशी तीन जोड्या गेल्या. तिन्ही पाहुण्यांच्या. गावातल्या एकाचीही नाही. दुसरी फळी कुठे आहे हे गावकरी कुणाला सांगत नाही. बायकोलाही नाही.

वेंडेलिन चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि सहाव्या वर्षापासून फळ्यांची ताटातूट करत आला होता.

आज मात्र त्या एकत्र होत्या. आणि त्यानं तर त्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

ठेवल्या होत्या ना?

उजवी

तो लिफ्टवरून उतरला. हटपर्यंत घसरत आला. टाचेनं कळ दाबून फळ्या सोडवल्या. डावी, जिच्या टोकाला पिवळी चिकटपट्टी आहे, ती कठड्याला लावली. उजवी खांद्यावर टाकून हटच्या मागे गेला आणि लाकडांच्या ढिगामागे सरकवली. मग आत येऊन बार्लीचं सूप मागितलं.

हे त्याला स्वच्छ आठवत होतं.

फक्त खांद्यावरची फळी आठवत होती ती कालच्या जाकिटावर. आज तर त्यानं हिरवं घातलं होतं.

डावी

एवढं घाबरायला कारण होतं आणि त्या कारणाचं नाव गेर्लिंडे. त्याची मुलगी.

नोव्हेंबरात त्यानं रिकाम्या भांड्याखाली शेगडी चालू ठेवली. डिसेंबरात तो चर्चच्या वाद्यवृंदाच्या तालमीला गेला, तेव्हा तिथे कुलूप होतं. तालीम आदल्या दिवशी झाली होती. गेर्लिंडे आरडाओरडा करणारी नव्हे. तिनं फक्त एक प्रश्न विचारला.

"बाबा, गुरुवारी पुढे कोण असतं?"

पुढे तोच असायचा. दर गुरुवारी दुपारी म्हाताऱ्यांची टोळी ग्रुबनवरून सावलीच्या घळीतून खाली उतरायची. तिथे खुणेच्या काठ्या नाहीत, दोऱ्या नाहीत. एकामागून एक कडे येतात. तिसऱ्या कड्याखाली उजवीकडे वळायचं. चौथ्यापर्यंत जायचं नाही, कारण चौथ्याखालचा उतार वरून लोण्यासारखा दिसतो आणि वर्षातून एकदा तरी अख्खा सुटून खाली येतो. एकवीस वर्षं वेंडेलिन पुढे होता आणि बाकीचे त्याच्या मागावरून.

"मी मोजायला चुकत नाही," तो तिला म्हणाला होता.

"शेगडीचंही तुम्ही हेच म्हणायचात."

मग त्यानं तिला शब्द दिला. ज्या दिवशी फळ्या कुठे ठेवल्या हे आठवणार नाही, त्या दिवशी मी पुढे जाणार नाही. देताना त्याला हसू आलं होतं. म्हणजे कधीच नाही, असं त्याला म्हणायचं होतं.

अजून डावीच

सेवेरिन बाहेर आला. सेवेरिन म्हणजे टोळीतला जुना पोस्टमन. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"काय रे, असा का उभा? फळ्या गेल्या?"

"नाही. आहेत."

"एक गेली?"

"दोन्ही आहेत."

"मग तोंड असं का केलंयस, जावई पळून गेल्यासारखं?"

सेवेरिन हसत हसत कठड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे त्याचं हसणं थांबलं. थोडा वेळ तो खाली बघत राहिला. मग हटचं सामान वाहणाऱ्या घसरगाडीजवळ गेला, वाकून गाडीखाली पाहिलं, कमरेवर हात ठेवून सरळ झाला आणि परत आला.

"काय शोधतोस?" वेंडेलिननं विचारलं.

"मी? काही नाही. हवा बघत होतो."

"गाडीखाली?"

"वारा खालूनच सुटतो," सेवेरिन म्हणाला आणि बूट घट्ट करायला बसला. बूट आधीच घट्ट होते.

एरवी वेंडेलिननं त्याला सोडला नसता. पण त्याचं लक्ष लाकडांच्या ढिगाकडे होतं.

उजवी, लाकडांसकट

तो मागे जाऊन बघून आला. फळी तिथे ठेवली असेल तर बर्फात रेघ असायला हवी. पण छपरावरून सारखा भुरभुर बर्फ पडत होता आणि त्याखाली हत्ती बसून गेला असता तरी कळलं नसतं.

पुन्हा पहिल्यापासून.

लिफ्ट. घसरत येणं. कळ. डावी कठड्याला. इथे दारात कुणीतरी "आज डंपलिंगं आहेत" असं म्हणालं. कोण? झेन्झी, टोळीतलीच. तो वळला. म्हणाला, "कसली?" ती म्हणाली, "पालकाची." आणि मग उजवी—

इथे ती खांद्यावर यायला हवी. येत नाही. पालकाच्या डंपलिंगानंतर थेट बाक येतो, चमचा येतो, सूप येतं. मधला तुकडाच नाही.

किंवा असं: तो मागे गेला. ढिगामागे जागा नव्हती, कारण नवी लाकडं रचली होती. म्हणून परत आणली. हेही त्याला आठवायला लागलं. इतकं स्पष्ट की लाकडांचा ओला वास आला.

पण आत्ता तर तो ढिगामागे जाऊन आला होता. जागा होती की. दोन माणसं उभी राहतील एवढी.

डावी

क्रेसेंझ, जिला सगळे झेन्झी म्हणत, तिनं आयुष्यभर लिफ्ट चालवली होती आणि अजूनही ती माणसांकडे आता बसा, आता उतरा अशा नजरेनं बघायची. ती हटला एक फेरी मारून आली. लगेच दुसरी फेरी मारायला निघाली.

"झेन्झे, प्रदक्षिणा घालतेयस का?" सेवेरिन ओरडला.

"जेवण जिरवतेय."

"तू तर फक्त कॉफी घेतलीस."

"तुला काय करायचंय?"

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. कठड्यापाशी तिघंही उभे राहिले, तिघंही आपापल्या फळ्यांकडे बघत, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या आहेत. निघायची वेळ झाली होती. ऊन घळीच्या तोंडावरून सरकायला लागलं होतं. कुणी हलेना.

वेंडेलिननं ठरवलं. शब्द तो शब्द. त्यानं टोपी काढली, का ते त्यालाही कळलं नाही.

"मला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.

"आधी मी सांगते," झेन्झी म्हणाली. "मला डॉक्टरकडे न्या. माझं डोकं गेलंय. मी एक फळी चीजच्या तळघरामागे ठेवली होती. शपथेवर सांगते. आणि आता दोन्ही इथे आहेत."

सेवेरिननं तिच्याकडे पाहिलं. मग वेंडेलिनकडे. मग आभाळाकडे.

"माझी घसरगाडीखाली होती," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे तू हवा बघत नव्हतास!"

"अगं, मला वाटलं माझंच संपलं. मनातल्या मनात मी मृत्युपत्र बदलत होतो."

"आणि तुझी?" झेन्झीनं वेंडेलिनला विचारलं.

"लाकडांमागे," वेंडेलिन म्हणाला. आणि म्हणताना त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

जोड्या

दार उघडलं. बोझेना बाहेर आली, हातात कपांचा ट्रे. ती स्लोव्हाकियाहून आलेली, सोमवारपासून हटवर कामाला.

"सापडल्या ना सगळ्यांच्या?" तिनं विचारलं. "मी लावून ठेवल्या. केवढा गोंधळ होता! एक इथे पडलेली, एक तिथे. एक तर गाडीखाली. वाऱ्यानं उडाल्या असतील म्हटलं. तुम्हाला या वयात वाकून शोधायला लागू नये म्हणून—"

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. झेन्झी कठड्याला धरून हसत होती आणि सेवेरिन खोकत होता.

"पोरी, पोरी," सेवेरिन डोळे पुसत म्हणाला, "गुरुवारची अख्खी टोळी तू वेड्यांच्या इस्पितळात धाडली होतीस!"

"मी चुकले का? माफ करा, तुम्हाला—"

"आणि ते तुम्ही-बिम्ही सोड. एवढ्या उंचीवर सगळे तू असतात. खाली गेल्यावर मला साहेब म्हण."

झेन्झीनं तिला चोराची आणि एकट्या फळीची गोष्ट समजावून सांगितली. बोझेना कपाळावर हात मारून हसली. आमच्याकडे असं केलं तर आई कान धरेल, म्हणाली. सेवेरिननं तिला तिघांसाठी पाइनच्या शंकूंची कडक दारू, श्नाप्स, काढायला लावली, दंड म्हणून. वेंडेलिननं ती एका घोटात घेतली. घशापासून खाली सगळं ऊबदार झालं. गेर्लिंडेला हे सांगायचं कसं, तो मनात जुळवायला लागला. अगदी पहिल्यापासून, आधी आपण किती घाबरलो, मग—

बाकीचे दोघे कठड्याच्या त्या टोकाला फळ्या पायांत अडकवायला गेले. वेंडेलिननं आपल्या निळ्या फळ्या बर्फावर आडव्या टाकल्या. बोझेना कप गोळा करत होती. आणि केवळ कौतुक ऐकावंसं वाटलं म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं, त्यानं विचारलं,

"माझी बरी सापडली तुला. लाकडांमागची."

"कुठली?"

"ही. निळी."

बोझेनानं पाहिलं. "नाही रे आजोबा," ती म्हणाली. तू म्हणायला ती लगेच शिकली होती. "या निळ्या होत्याच एकत्र. इथेच. नीट उभ्या. त्या बघितल्या म्हणून तर मला कळलं, इथे जोड्या अशा लावतात. मग बाकीच्या शोधल्या."

ती ट्रे घेऊन आत गेली.

कुठली ते ठरलं नाही

लिफ्ट. कळ. डावी कठड्याला. पालकाची डंपलिंगं.

कदाचित तिलाच नीट आठवत नसेल. सोमवारी आलेली मुलगी, एका तासात इतक्या फळ्या उचलल्या, निळ्या काय नि हिरव्या काय. सहज शक्य आहे. शंभरातल्या नव्वद वेळा तेच असेल.

कुणी ऐकलं नव्हतं. सेवेरिन झेन्झीच्या टोपीवरून काहीतरी टोमणा मारत होता. दोघंही तयार होते, काठ्या रोवून, त्याच्या मागून निघायला. नेहमीसारखे.

घळ खाली निळसर दिसत होती. एक, दोन, तीन कडे. तीनच्या खाली उजवीकडे.

तीनच ना?

"झेन्झे," वेंडेलिन म्हणाला, "आज तू पुढे हो."

"मी? का?"

"बूट चावतोय."

झेन्झीनं त्याच्या बुटाकडे पाहिलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, लिफ्ट थांबवायची की नाही हे ठरवताना बघायची तसं.

"बरं," ती म्हणाली. "पण मागून ओरडायचं नाही. मला ते आवडत नाही."

"नाही ओरडणार."

ती निघाली. तिच्यामागे सेवेरिन. सगळ्यात शेवटी वेंडेलिन. एकवीस वर्षांत त्यानं घळीत दुसऱ्याचा माग पहिल्यांदाच पाहिला. तो स्वतःच्या मागापेक्षा अरुंद आणि जास्त वाकडा होता, पण होता. पहिला कडा गेला. बर्फ तोंडावर उडाला. मग सेवेरिन पडला, उठला, शिवी दिली. दुसरा कडा गेला.

आणि झेन्झी उजवीकडे वळली.

वेंडेलिनच्या तोंडापर्यंत आलं होतं, अगं थांब, अजून एक आहे! त्याच्या हिशेबानं हा दुसराच होता. अगदी खात्रीनं दुसरा. जेवढ्या खात्रीनं लाकडांमागची फळी.

त्यानं दात आवळले आणि वळला.

वळणापुढे झाडं आली. लार्चची झाडं, आणि त्यातून नेहमीची वाट, आणि खाली चर्चचा कांद्यासारखा घुमट. म्हणजे तो तिसराच होता. एक कडा मधेच कुठेतरी गळून पडला होता. सेवेरिन पडला तेव्हा, की त्याच्याही आधी, कोण सांगणार.

खाली

लिफ्टच्या तळाशी पाहुण्यांची गर्दी होती. चोरीची सूचना अजून तिकीट खिडकीच्या काचेवर होती. झेन्झी आणि सेवेरिन आपापल्या एका फळीसह दोन दिशांना नाहीसे झाले आणि रिकाम्या हातांनी, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत आले.

"काय ग, छान वळलीस," सेवेरिन म्हणाला. "मला वाटलं आता थेट देवाच्या दारात नेतेस."

"तुला देव घेणार नाही. वेंडेल, बूट कसाय?"

वेंडेलिननं पिवळ्या पट्टीची फळी कठड्याला लावली. ती कठड्याच्या ज्या खिळ्याला टेकली तो नीट पाहिला. उजवीकडून सातवा.

"झेन्झे, इकडे ये. हे बघ. ही इथे ठेवतोय."

"मला काय सांगतोस? सांगायचं नसतं."

"म्हणूनच सांगतोय."

झेन्झीनं हातमोजा काढला, सातव्या खिळ्यावर बोट ठेवलं, पाठ करून घेतल्यासारखं ओठ हलवले.

"बरं," ती म्हणाली. "सातवा खिळा. आणि दुसरी कुठेय?"

वेंडेलिननं आजूबाजूला पाहिलं. कठड्याच्या मागे पाहिलं, तिकीट खिडकीपाशी पाहिलं. मग झेन्झी कुठे बघतेय ते त्याला दिसलं. दुसरी फळी त्याच्या खांद्यावर होती.