घोड्यांवरची गाडी

दादाच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, पुढचा गुरुवार, आणि त्याच दिवशी त्याने गाडी संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. नवा गुडघा बसला की चालाल, जिने चढाल, पण तुमच्या त्या जुन्या गाडीचा क्लच विसरा. तो क्लच नाही, व्यायामशाळा आहे. दादाने हे इतक्या शांतपणे ऐकलं की मला वाटलं त्याला ऐकूच गेलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र म्हणाला, "म्हणजे आता चालवता येणार नाही."

"येत होती तेव्हा तरी कुठे चालवलीत?" वहिनी म्हणाली आणि त्याला हात दिला.

खरं तर तिने फार सौम्य शब्दांत सांगितलं. एकवीस वर्षं ती गाडी आमच्या गॅरेजात चार लोखंडी घोड्यांवर उभी होती, चाकं जमिनीपासून वीतभर वर. टायर एका जागी दाबून राहिले तर चपटे होतात, म्हणून. तरी दर सहा वर्षांनी दादा नवे टायर घालायचा. रबर वयाने मरतं, वापराने नाही, असं त्याचं म्हणणं. जमिनीला कधी न टेकलेले टायर म्हातारे झाले म्हणून बदलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गाडी होतीही तशी. दोनच माणसांची, लांब नाकाची, काळपट हिरव्या रंगाची स्पोर्ट्स कार. दादाने ती भंगारातून आणली तेव्हा तिच्या डिकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांच्या वेळा नीट करायच्या आणि संध्याकाळी गाडीखाली शिरायचं, असं नऊ वर्षं चाललं. तिच्या सीटा मी शिवल्या. तेव्हा मी नुकतंच गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान काढलं होतं. शिकवणारं कुणी नव्हतं. जुन्या सीटा उसवायच्या आणि ज्या वाटेने दोरा निघाला त्या वाटेने परत घालायचा, एवढंच माझं शिक्षण. मधाच्या रंगाचं चामडं, दुहेरी टाका. माझ्या हातून झालेलं ते पहिलं चांगलं काम. दादाने ते पाहिलं, पाठ थोपटली, आणि लगेच त्यावर प्लॅस्टिक चढवलं.

रंगाऱ्याच्या शेडमधून गाडी घरी आणली तो तिचा पहिला आणि शेवटचा प्रवास. सात किलोमीटर. मी पुढे सायकलवर होते. रस्त्यात खडा दिसला की उतरून बाजूला करायचा, ही माझी नेमणूक. त्यानंतर रोज काहीतरी आडवं यायचं. ऊन फार आहे, चिखल आहे, नाक्यावर खणून ठेवलंय, या वर्षी नको, पुढच्या वर्षी तळ्यावर जाऊ. पुढच्या वर्षी पुन्हा ऊन असायचंच. विमा मात्र दर वर्षी वेळेवर भरला जायचा.

पण यंत्र नुसतं ठेवलं की ते रुसतं, हे घड्याळवाल्याला सांगावं लागत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी दादा गॅरेजचं दार उघडायचा, इंजिन सुरू करायचा आणि दहा मिनिटं सगळे गिअर टाकून चाकं हवेत फिरवायचा. शेजारच्या सीटवर वहिनी. इंजिनाचा आवाज ऐकायला दुसरे कान हवेत म्हणून तिला बसवलेलं असायचं. ती मटारची पाटी घेऊन बसे, दाणे सोली आणि मध्येच विचारी, "अहो, कुठपर्यंत आलो?"

"गॅरेजातच आहोत," दादा म्हणायचा.

कधी त्याला बॉनेटला कान लावून ऐकायचं असलं की वहिनी त्याच्या जागेवर सरकायची. मग तो बाहेरून बोटांनी खूण करी, दुसरा, तिसरा, चौथा, आणि ती क्लच दाबून गिअर बदली. तिला ते नवीन नव्हतं. टपाल खात्यात लागली तेव्हा पहिली तीन वर्षं ती टपालाची व्हॅन चालवत होती. पुढे तिला पत्रं निवडायला बसवलं आणि ती अठ्ठावीस वर्षं तिथेच बसली. शेकडो गावांची नावं तिला पाठ. पाहिलेली गावं हाताच्या बोटांवर.

संग्रहालयाचे गृहस्थ शनिवारी सकाळी आले. सोमवारी ट्रक येणार होता, त्याआधी एकदा तपासणी. सडपातळ, अदबशीर माणूस. खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून घातल्याशिवाय त्यांनी गाडीला बोट लावलं नाही. वहिनीने स्वयंपाकघरात येऊन त्यांचं नाव हातमोजेवाले ठेवून टाकलं. त्यांनी टॉर्च मारून गाडी खालून पाहिली, वरून पाहिली, दाराच्या फटी पाहिल्या आणि हळूच म्हणाले की इतकी स्वच्छ गाडी त्यांनी संग्रहालयातसुद्धा पाहिलेली नाही. दादाचा चेहरा असा खुलला की गुडघासुद्धा दुखायचा थांबला असावा.

मग त्यांनी अर्ज काढला. अर्जात दादाने स्वतःच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: दुरुस्तीनंतर गाडी एकूण सात किलोमीटर चालली आहे. किलोमीटरचा मीटर त्याने स्वतः उघडून, साफ करून शून्यावर आणला होता, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. फक्त मीटर दिसत नव्हता. तबकडीवरचे आकडे उजेडाने पिवळे पडतात, हे घड्याळवाल्याचं ज्ञान. म्हणून त्याने माझ्याकडून सगळ्या तबकड्यांना काळ्या मखमलीच्या टोप्या शिवून घेतल्या होत्या. एकवीस वर्षं त्या कुणी काढल्या नव्हत्या.

हातमोजेवाल्यांनी टोपी काढली, टॉर्च मारला, आणि अर्जाकडे पाहिलं. पुन्हा टॉर्च मारला.

"इथे सात लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले.

"सातच."

"मीटर चार हजार तीनशे सोळा दाखवतोय."

दादाने खिशातून भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. भिंगातूनही तेच दिसलं. मग त्याने आमच्या दोघींकडे असं पाहिलं, जणू त्याच्या पाठीमागे आम्ही नणंद-भावजय गाडी घेऊन गावभर हिंडलो होतो. वहिनीला हसू आवरेना. गाडी घोड्यांवरून उतरवायला तुम्हालाच दोन तास लागतील, ती म्हणाली, वन्सं आणि मी काय ती कडेवर घेऊन गेलो? मग तिचं हसू एकदम थांबलं. तिने हातमोजेवाल्यांना विचारलं, की चाकं हवेत फिरली तरी हा मीटर पुढे सरकतो का.

ते म्हणाले, सरकणारच. तो गिअरबॉक्सवर चालतो. चाकाखाली रस्ता आहे की हवा, ते त्या बिचाऱ्याला काय कळणार.

दादा स्टुलावर बसला. त्या मीटरचा दातान् दात त्याने स्वतः घासला होता. कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं हे त्याला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण रविवारी ते सगळं फिरत असताना त्याच्या मनात गाडी उभीच होती, आणि उभ्या गाडीचे किलोमीटर कोण मोजतं?

वहिनीने मनातल्या मनात हिशेब केला. रविवारचे चार, वर्षाचे दोनशेच्या वर, एकवीस वर्षं. बरोबर बसला.

"म्हणजे तुमच्या शेजारी बसून चार हजार किलोमीटर आले मी," ती म्हणाली. "बघायला मिळालं काय, तर समोरची रंगाच्या डब्यांची फळी."

ती रागावून बोलली असती तर दादाने उत्तर दिलं असतं. ती रागावली नव्हती, म्हणून तो भिंग पुसत बसला.

हातमोजेवाल्यांची अडचण वेगळीच होती. अर्जात एक रकाना होता: गाडी कुठे चालवली गेली. सात किलोमीटरला रंगाऱ्याची शेड ते घर असं चाललं असतं. उरलेल्या चार हजारांना काय लिहायचं? त्यांनी पेन उघडून दादाकडे पाहिलं. दादाने उलट त्यांनाच विचारलं, की तुमच्याकडे गाडी सुरू करता का कधी. ते म्हणाले, छे, आल्या आल्या पेट्रोल आणि तेल काढून घेतो आम्ही, मग काचेआड. त्यांना ते सांगताना अभिमान वाटत होता.

दादा डावा पाय उचलून खाली ठेवत होता, पुन्हा उचलत होता. घड्याळाला किल्ली देण्याआधी ते कानाशी हलवून पाहायचा, तसं.

"आज शनिवार," तो म्हणाला. "गुरुवारला अवकाश आहे. चिमे, जॅक आण."

चिमी म्हणजे मी. पन्नाशी उलटली तरी.

खाली उतरवायला दोनच्या जागी अडीच तास लागले, कारण दादाला वाकता येत नव्हतं आणि मला सूचना फार मिळत होत्या. तिसऱ्या घोडीपाशी हातमोजेवाल्यांनी मोजे काढून खिशात घातले आणि जॅकचा दांडा हातात घेतला. चारी चाकं टेकली तेव्हा गाडी जराशी खाली बसली, लांबून आलेलं माणूस खुर्चीत बसतं तशी. दादाने ब्रेक तपासले, मग पुन्हा तपासले, गल्लीत पुढे-मागे करून तिसऱ्यांदा तपासले. दरम्यान मी कात्री आणली आणि सीटांवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. एकवीस वर्षं माझ्या कामावर कुणीही बसलं की चुरमुऱ्यांसारखा आवाज यायचा. वहिनी बसली आणि काहीच आवाज झाला नाही. मी तोंड फिरवून जॅक आवरायला लागले.

मागून आम्ही निघालो, माझ्या दुकानाच्या व्हॅनमध्ये मी आणि हातमोजेवाले. नाक्यापर्यंत दादाने गाडी अशी नेली, जणू काचेच्या भांड्यांवरून चालली आहे. मागे एक सायकलवाला खोळंबला, मग त्याने कंटाळून पुढे काढली. हमरस्त्याला लागल्यावर दुसरा गिअर पडला. तिसरा पडला तेव्हा दादाची पाठ सरळ झाली. मला मागून दिसली. चौथ्याला माझी व्हॅन मागे पडायला लागली आणि तो आवाज, जो मी फक्त चार भिंतींत कोंडलेला ऐकला होता, मोकळ्यावर निघाला. वहिनीचे पांढरे केस पिंजलेल्या कापसासारखे उडत होते आणि ती ते बसवत नव्हती.

हातमोजेवाल्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली. मग म्हणाले की त्यांच्याकडे एकेचाळीस गाड्या आहेत, पण एकीचाही आवाज त्यांनी ऐकलेला नाही.

तळ्याच्या अलीकडे कच्चा रस्ता लागतो. समोरून आलेल्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला. टक्, एवढाच आवाज, पण आम्हाला व्हॅनमध्ये ऐकू आला. दादाने गाडी बाजूला घेतली आणि उतरला. आम्हीही उतरलो. दिव्याच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. नऊ वर्षं खपून आणि एकवीस वर्षं झाकून ठेवलेल्या रंगाचा पहिला टवका. दादाने भिंग काढलं, वाकता येईल तेवढा वाकला आणि पाहत राहिला. मला वाटलं, झालं. आता हा गाडी फिरवणार, ट्रक बोलावणार, घोड्या मागवणार.

"खालचा प्रायमर छान बसलाय," तो म्हणाला. "रंगाऱ्याने फसवलं नव्हतं."

त्याने भिंग खिशात टाकलं आणि जाऊन बसला.

तळ्याला त्यांनी दोन फेऱ्या घातल्या. आम्ही काठावर उभे राहून पाहिल्या. दुसऱ्या फेरीत वळणावर दादाने जरा जोर केला. वहिनी ओरडली की हसली ते इतक्या लांबून कळलं नाही. तिसरी फेरी मात्र झाली नाही. गाडी झाडाखाली थांबली ती थांबलीच. मी गेले तेव्हा दादा दार उघडून बसला होता आणि डावा पाय दोन्ही हातांनी धरून बाहेर काढत होता. चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे लहान मुलासारखे. क्लच आता दाबला जाणार नाही, तो म्हणाला, संपला पाय. ट्रक उद्याच बोलवावा का, असं त्याने हातमोजेवाल्यांना विचारलंसुद्धा.

वहिनीने त्याच्यापुढे हात केला. "अहो, किल्ली."

"तुला जमेल?"

"हजारेक किलोमीटर मीही चालवलीय ही."

"ती हवेत."

"क्लच तर खराच होता ना?"

दादाने किल्ली दिली. मग एका पायावर लंगडत, बॉनेटला हात टेकत तो दुसऱ्या बाजूला गेला. त्या बाजूने बसताना त्याला कुठला हात कुठे ठेवावा ते कळेना. वहिनीने सीट पुढे ओढली, आरसा आपल्यासाठी वळवला आणि पहिला गिअर टाकला. गाडी हिसका न देता निघाली.

हातमोजेवाल्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला, रकाना कोराच. ट्रकला येऊ नको म्हणून मी सांगतो, म्हणाले. वाटेत उतरवू का विचारलं तर म्हणाले, नको, घरापर्यंत येतो, मागून आवाज चांगला ऐकू येतो.

ऑपरेशन नीट झालं. दादा आता काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जातो. रविवारी मात्र तो डाव्या सीटवर बसतो, वहिनीच्या शेजारी, पाय सरळ ताणून. एवढं लांब नाक कशासाठी होतं ते आता कळलं, असं म्हणतो. मांडीवर मटारची पाटी असते, कारण हात रिकामा ठेवला की तो गिअरकडे जातो. मध्येच विचारतो, "अगं, कुठपर्यंत आलो?" आणि वहिनी एखाद्या गावाचं नाव सांगते, जे तिने अठ्ठावीस वर्षं पाकिटांवर वाचलं होतं आणि जे त्याने कधी ऐकलेलंही नसतं.

गेल्या रविवारी ते परत आल्यावर मी सीट पुसायला गेले. डाव्या सीटच्या टाक्यात मटारचा एक दाणा चिरडून बसला होता. मधाच्या रंगावर हिरवा डाग. असला डाग काढता येतो मला. तेच माझं काम. मी तो राहू दिला.