नाव सुलेखाचं होतं

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा. रंग पिवळा पडलेला, मधोमध घडी, अंगावर निळ्या शाईची आडवी रेघ आणि तिच्यावर 'रद्द' असा ठसठशीत जर्मन शिक्का. मी क्रांकेनशाइन आहे, म्हणजे आजारविम्याचा कागद. माझ्या काळी जर्मनीत डॉक्टरकडे जायचं तर क्रांकेनकासे नावाच्या विमाकचेरीतून असा कागद आणावा लागे. ज्या डॉक्टरच्या हाती तो द्याल, तो पुढचे तीन महिने तुमचा डॉक्टर. पण कुणाच्या हाती द्यायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आम्हा कागदांना याच गोष्टीचा केवढा तोरा! आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या वाट्याला धड आली नाही. इतकी वर्षं झाली, माझा राग काही जात नाही.

१९६४च्या जानेवारीत बॉबलिंगेनच्या कचेरीत मी जन्माला आलो. टंकलेखन यंत्राखाली सरकवून कारकुनानं माझ्यावर दोन नावं उमटवली. वर भास्कर आठल्ये, हा विमा भरणारा. भास्कर श्टुटगार्टला धातूंवर पीएच.डी. करत होता आणि तिथेच सहायक म्हणून नोकरीला होता. खाली, जिला तपासायचं तिचं नाव: सुलेखा आठल्ये, पत्नी. बाकी मी कोरा. मी घरी आलो आणि सुलेखानं मला तिच्या जर्मनच्या वहीत ठेवलं. त्या वहीत प्रत्येक जर्मन शब्दापुढे मराठी अर्थ लिहिलेला होता. मी मराठी शिकलो ते तिथेच.

सुलेखाला काय होत होतं, ते सांगतो. तिची पाळी आली की बारा-बारा दिवस थांबत नसे. घ्या, बोललो! कागद असून मला बोलायला काही वाटलं नाही, आणि त्या घरात सहा महिने हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. ती पांढरीफटक पडली होती. दोन जिने चढून आली की भिंतीला धरून उभी राहायची. भास्कर विचारी, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणे, "थोडा अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही." झालं! तो निघाला प्रयोगशाळेत.

खरं काय ते तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, तिच्या मैत्रिणीला, मालिनीला. मालिनी श्टुटगार्टला शिकत होती. एका रविवारी ती आली आणि सगळं ऐकून उखडलीच. "अगं, वेडी आहेस का तू? शेजारी सिंडेलफिंगनला डॉक्टर लिंडनर आहेत. बाई आहेत, इंग्रजी येतं त्यांना. तुझा क्रांकेनशाइन आहे ना घरात? मग वाट कसली बघतेस?"

"सोमवारी जाते," सुलेखा म्हणाली. वहीतल्या वहीत मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिनं त्या बाईंचं नाव एका चिटोऱ्यावर लिहून माझ्या शेजारी ठेवलं. रात्री भास्करला ती एवढंच म्हणाली, "अहो, उद्या मी डॉक्टरकडे जाऊन येईन म्हणते."

आता भास्करबद्दल. माणूस वाईट नाही, पण भिडस्त. आणि भीड कुणाची, तर घरमालकीण फ्राउ हेबेर्ल यांची. बॉबलिंगेनमध्ये चार घरांनी 'परदेशी नकोत' म्हणून दारं लावली, तेव्हा या बाईंनी खोल्या दिल्या होत्या. तो त्यांना अगदी मावशीच्या जागी मानी. सोमवारी सकाळी जिन्यात त्यांची गाठ पडली आणि हा बोलून गेला, बायकोला डॉक्टरकडे जायचंय म्हणून.

"हे बघा, मी आत्ता तिकडेच निघालेय, गुडघ्यांसाठी! आमचे डॉक्टर एबरहार्ट, तीस वर्षांपासूनचे. द्या इकडे तिचा कागद. वेळही घेऊन येते, म्हणजे तिला थंडीत रांगेत उभं राहायला नको."

यावर 'नको' म्हणायला काय जात होतं? पण नाही! मोठ्या बाईंना नाही कसं म्हणायचं? तो वर आला. सुलेखा न्हाणीघरात होती. त्यानं वही उघडली, शेजारचा चिटोरा वाचलासुद्धा नाही आणि मला उचलून त्या बाईंच्या पर्समध्ये घातलं. मी आतून ओरडत होतो, अहो, नाव सुलेखाचं आहे, तिला विचारा तरी! कागदाचं कोण ऐकतो? अर्ध्या तासात डॉक्टर एबरहार्ट यांच्या नावाचा शिक्का माझ्यावर बसला. सुलेखाला कळलं तेव्हा तिनं म्हणे नुसती वही मिटली. तिनं तेव्हा भांडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दोन दिवसांनी दोघं तपासणीला आली. मी टेबलावरच होतो. खुर्चीवर सुलेखा आणि तिच्या पुढे अर्धा उभा भास्कर, दुभाषा म्हणून. डॉक्टरांनी भूक विचारली, झोप विचारली. हा उत्तरं देत गेला, तिला न विचारता. मग चष्म्यावरून बघत डॉक्टरांनी विचारलं, "आणि मासिक पाळी? ती नीट आहे?"

भास्करचे कान लाल झाले. सुलेखाला तो शब्द कळला होता, वहीत होता तिच्या. ती मान वर करून भास्करकडे बघत राहिली, आता हा मला विचारेल म्हणून. आणि हा काय म्हणाला माहीत आहे? "आलेस इन ओर्डनुंग." सगळं व्यवस्थित आहे! अरे बाबा, तुला काय ठाऊक?

डॉक्टर मान डोलावून म्हणाले, "हो, हो. हाइमवे. घरची आठवण. रोज फिरायला जा, थोडी रेड वाइन घ्या, आणि आठवड्यातून दोनदा काळीज खा." जन्मात अंडं न शिवलेल्या बाईला काळीज! त्यांना दोष तरी कसा देऊ? त्यांच्यापर्यंत दुखणं पोचलंच नव्हतं. माझ्या पाठीवर 'हाइमवे' लिहून त्यांनी मला पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी एक दमलेला आवाज आला आणि मी ओळखला. सुलेखा एकटी आली होती. जुळवून जुळवून जर्मन बोलत होती: माझा कागद परत द्या, मला दुसऱ्या डॉक्टरकडे जायचंय. खिडकीतली बाई म्हणाली, "तिमाही मार्चअखेर संपते. तोवर तुम्ही इथल्याच." सुलेखा निघून गेली. मी पेटीत हात चोळत बसलो असतो, पण मला हात नव्हते.

फेब्रुवारीच्या शेवटी, हे मला नंतर कळलं, इमारतीच्या धुणीघरात ओल्या चादरी पिळता पिळता ती कोसळली. फ्राउ हेबेर्ल यांनी तिला सावरलं आणि भास्करला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दोघं पेटीपाशी हजर. या वेळी खरं दुखणं कळल्यानं भास्करची गाळण उडालेली होती. डॉक्टर स्वतः बाहेर आले. "ज्यांना मी नको, त्यांचा कागद मलाही नको," असं म्हणून त्यांनी मला तिच्या हातात आदळलं. "नवा मिळवायचा तर क्रांकेनकासेला कारण सांगावं लागेल. सबळ कारण."

तिच्या पर्समध्ये बसून मी रस्त्यावरचं सगळं ऐकलं.

"अगं, मला सांगायचंस तरी!"

"तुम्हाला? अहो, डॉक्टरांनी सरळ विचारलं, तर तुम्ही परस्पर सगळं व्यवस्थित करून मोकळे झालात. तुम्हाला तो शब्द तोंडातून काढता आला नाही, आणि मी आपणहून सांगायचं?"

भास्करनं वाट धरली ती थेट क्रांकेनकासेची.

कचेरीत रांग होती. त्यांच्या मागे मोटार कारखान्यातले चार-पाच कामगार, दोन म्हाताऱ्या. खिडकीतला कारकून मला उलटसुलट बघत म्हणाला, "मध्येच डॉक्टर बदलायचा? कारण?"

भास्कर घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे... भाषेची अडचण..."

"ते कारण होत नाही." आणि त्यानं मला खिडकीतून परत सरकवलं.

तेव्हा सुलेखानं भास्करच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं. बाजूला म्हणजे चांगलं बाजूला! खिडकीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती जर्मनमध्ये म्हणाली, "बारा दिवस रक्त जातं. दर महिन्याला. सहा महिने. मला बाई डॉक्टर पाहिजे. हे कारण आहे." व्याकरण चुकलं असेल, पण आवाज शेवटच्या कामगारापर्यंत गेला. कुणी हसलं नाही. मागची एक म्हातारी म्हणाली, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर! कारकुनानं मान खाली घातली, माझ्यावर निळी रेघ ओढली, रद्दचा शिक्का मारला आणि नवा कागद यंत्रात घातला. "डॉक्टरचं नाव?" त्यानं भास्करकडे बघून विचारलं.

"डॉक्टर लिंडनर, सिंडेलफिंगन," सुलेखा म्हणाली.

जाताना तिनं मलाही मागून घेतलं. का, ते ठाऊक नाही, पण मी पर्समध्ये होतो म्हणून पुढचं मला कळलं. लिंडनरबाईंच्या दवाखान्यात तिचं नाव पुकारलं, तसा भास्करही सवयीनं उठला. सुलेखा म्हणाली, "तुम्ही इथेच बसा." तो बसला. आत ती अर्धा तास बोलली. मोडकं जर्मन, मोडकं इंग्रजी आणि मध्ये थोडं रडणं. बाईंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. गर्भाशयात गाठ निघाली, अंगात रक्त निम्मंसुद्धा उरलं नव्हतं. शस्त्रक्रिया झाली आणि सुलेखा वाचली. "आणखी दोन महिने गेले असते, तर मी काही करू शकले नसते," असं बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी सांगणार नाही. माझं काय, मी रद्द झालेला कागद. पण उद्या तुमच्या आईला, बहिणीला, बायकोला घेऊन दवाखान्यात गेलात, तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते आधी तिला विचारा. आणि डॉक्टरांनी तिला काही विचारलं, तर देवाशपथ, तुम्ही गप्प बसा.