दवाखान्याची घरजवाई

माहा बाप देवाजी बकरी घेतली तरी आधी तिच्या मायची चौकशी करते. अशा मानसाच्या अंगठ्यावर माहं शिक्षन अडकलं होतं, बोला आता!

सन त्र्यांशीची गोठ. मी गिरजा, गावातली पयली मॅट्रिक पोट्टी. आमच्या जंगलात हिवताप भारी. रगत तपासाले चंद्रपूरले जाये, कागद वीस दिवसानं येये. माहा लहाना भाऊ श्रावन तापानं आधी गेला, मंग त्याचा कागद आला. बापानं थो कागद छपराच्या वाश्यात खोसून ठेवला. वाचता येत नोता, पन फेकलाबी नाई.

तालुक्याच्या धर्मादाय दवाखान्याचे गुणवंतराव डॉक्टर म्हनले, "नागपूरला वर्षभर रक्ततपासणी शीक. फी, होस्टेल दवाखाना देईल. मग पाच वर्षं आमच्याकडे काम." सोमवारपर्यंत बापाचा अंगठा नाई पडला, तं जागा भद्रावतीच्या पोरीले.

सोमवारी डॉक्टर सोताच जीप घेऊन आले. बापानं कराराचा कागद दोनदा वाचून घेतला अन् म्हने, "हे तं घरजवाई ठेवनं झालं!"

आमच्या गोंडांत रीत हाये. लग्नाची ऐपत नसली तं पोरगा पोरीच्या घरी चार-पाच वर्स राबते, मंग नवरी घेऊन आपल्या गावी येते.

"तुमी खाऊ घालान, शिकवान, राबवान. मंग माह्या पोरीले नवरा कोनता देता?"

डॉक्टरांचा चहा बशीतून सरळ पँटीवर सांडला. "नवरा? अहो, ही शिष्यवृत्ती आहे!"

"नाव काईबी ठेवा. राबलेला मानूस रिकाम्या हातानं घरी आला, असं या गावात झालं नाई."

बाजूचे म्हातारे मुंड्या हालवून राह्यले होते. मी मंधातच बोलली. "बा, अंगठा दे नं! काऊन माह्या मुळावर उठला?"

"तू चूप. सोयरिकीच्या बोलनीत पोरगी बोलत नाई."

अगा माय! सोयरीक कोनाशी, तं दवाखान्याशी! डॉक्टर कागद गुंडाळाले लागले. मंग मले राहवलं नाई.

"मले नवरा नोको! पाच वर्सानं रगत पाहाची दुर्बीन घेऊन गावात येईन. तेच माही नवरी!"

बापानं वर वाश्याकडं पाह्यलं. "म्हंजे कागद इथंच भेटन?"

"त्याच दिशी."

डॉक्टरांनी ते अट खाली लिहून देल्ली. बापानं अंगठा उमटवला, अन् डॉक्टरांचाबी घेतला. "सही कोनीबी करते," म्हने.

एकोननव्वदले मी दुर्बीन घेऊन एसटीतून उतरली. माही माय मनकर्णा पान्याचा तांब्या घेऊन नवरीचे पाय धुवाले आली, पन पायच सापडेनात! शेवटी दुर्बिनीच्या पेटीलेच हळद लावली.

दुसऱ्या दिशी बापानं सगळ्याच्या आधी बोट पुढं केलं.

"बा, तुले ताप नाई."

"ठाऊक हाये. कागद किती वेळानं येते, थे पाहाचं हाये."

थो पायरीवर बसून राह्यला. मी कागद देल्ला, तवा त्याचा चहाबी थंडा झाला नोता. बाप उठला, घरी गेला अन् वाश्यात श्रावनच्या कागदाजवळ थो कागद खोसला.